उंदराच्या कळा

सांगली,
१२ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप लालासाहेब मामांच्या पायांवर भाचा कृष्णातचे डोके. (आशीर्वाद देताना कान पिळू नये.) आपला दमा, मामींचे गुडघे आणि पाटणची थंडी, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे मी आणि माझे उंदीर खुशाल आहोत.

मामा, आपण वडीलधारे, तरी एकदा स्पष्टच लिहितो. मागच्या पत्रात मी कळवले होते, की कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे उंदरांच्या कळांचे काम आहे. कळ म्हणजे दाबायचा खटका! आपण ते पत्र साताऱ्याला सुभेदार हंबीररावांच्या सोप्यात मोठ्याने वाचलेत, आणि मला जावई करून घ्यायला निघालेल्या त्या माणसांचा समज झाला, की मुलगा सांगलीत उंदरांची बाळंतपणे करतो. सोयरीक तिथेच अडली. त्यांच्या लेकीचा, राहीचा फोटो अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो परत पाठवायची पाळी आली तर माझे काही खरे नाही.

गेल्या गुरुवारी सुभेदार स्वतः खात्री करायला आले. बरोबर त्यांच्या मातोश्री धोंडुबाई (जन्मभर सुईणपण केलेल्या), आणि आजींचा हात धरायला म्हणून राही. आजींच्या हातात डबा, डब्यात डिंकाचे लाडू. बाळंतिणींसाठी! आजी चष्मा लावून पिंजऱ्यावर वाकल्या आणि साऱ्या कॉलेजला ऐकू जाईल असे ओरडल्या, "आवं, ह्यो तर नर हाय! ह्याला कसल्या कळा?"

मग मी सगळे समजावून सांगितले. सरांनी या उंदराच्या मेंदूत केसाएवढी बारीक तार बसवली आहे. एक कळ दाबली की तारेतून जरासा करंट जातो आणि त्याला फार बरे वाटते. इतके, की बाकीचे उंदीर खाणेपिणे सोडून तीच दाबत बसतात. पण आमच्या सोन्याची (नाव मी ठेवले, सर त्याला सात नंबर म्हणतात) तऱ्हाच न्यारी. करंट चालू राहिला की घटकाभरात तोच त्याला नकोसा होतो. मग पळत जाऊन समोरच्या कोपऱ्यातली बंदची कळ दाबतो, आणि बंद झाला रे झाला की परत चालू करायला धावतो. सुभेदार पलटणीतले, त्यांना हे सोसवेना. त्यांनी थेट उंदरालाच दरडावले, "एक काय ते ठरीव की रं!"

त्यावर आजी म्हणाल्या, "हंबीर, तू तरी कुठं ठरीवलंस? दिवाळीला व्हय म्हणलास, संक्रांतीला न्हाई." सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले. मामा, माझ्या जिवात जीव आला. मला मात्र हसू फुटले नाही. साताऱ्याचे तिकीट काढून मी दोनदा कराडलाच उतरलो आणि माघारी आलो, हे त्यांना कुठे माहीत आहे?

लाडू उत्तम होते. (बाळंतीण नसली तरी चालतात.)

आपला,
कृष्णात

ता. क. सुभेदारांनी सध्या होकाराची कळ दाबली आहे. ते समोरच्या कोपऱ्यात पोचायच्या आत आपण पहिल्या एस. टी.ने साताऱ्याला जाऊन सुपारी फोडून घ्यावी. आणि हे पत्र कुठेही मोठ्याने वाचू नये.

आणखी ता. क. निघताना राही दाराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "तुमच्याकडं बंदची कळ न्हाई न्हवं?" मी नाही म्हणालो. तेव्हा कराडचे कुणाला बोलू नका, मामा. या खेपेला मी थेट साताऱ्यालाच उतरणार आहे.