उबेच्या पेटीतली नळी

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी यायचं थांबलं का? उजेड अजून खुपतो का?

आमच्या प्रयोगशाळेतला विषाणू तुला माहीत आहेच, गाईंना रक्ताचा कॅन्सर करणारा. त्याचं एक प्रथिन बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. गाईच्या अंगात ते वर्षानुवर्षं गप्प असतं. रक्त काढून उबेत ठेवलं, की काही तासांत जागं होतं. म्हणून काल रक्ताची नळी बर्फात ठेवायची होती. दादाने पाठवलेला फोटो बघता बघता मी ती उबेच्या पेटीत ठेवली. फोटोत वहिनी तुझ्या डोळ्यात थेंब घालतेय, आणि तू तिचा हात घट्ट धरलायस! महिन्याचं काम पाण्यात गेलं. मॅडमना सांगितलं, डुलकी लागली.

वहिनी गुणाची आहे, मान्य. पण बाटली डोळ्याच्या फार जवळ धरते, सांग तिला.

दादा म्हणाला, थेंब घालताना तू तिला माझ्या नावाने हाक मारतेस. मारू नकोस गं. जागा तर तिने घेतलीच आहे, नाव तरी माझं राहू दे.

तुझी एकुलती एक लेक