राजा एकटा होता म्हणून

पप्पा,

बुद्धिबळाचा जगज्जेता कॉम्प्युटरकडून हरला, हे तुम्हाला कधी पटलंच नाही. ती जुनी गोष्ट कुणी काढली की तुम्ही म्हणायचात, "थकला असेल बिचारा. माणूस परत जिंकेल, बघ."

अजून डोळ्यांसमोर आहे: ठाकुर्लीच्या आपल्या खोलीत आईच्या पोळपाटाशेजारी पट मांडलेला आहे. आंबिवलीच्या कारखान्यातल्या भंगारातून आणलेले नट-बोल्ट म्हणजे आपल्या सोंगट्या. सगळ्यात लांब, दोन नट चढवलेला बोल्ट तो राजा. आई करवादते, "अहो, पोळ्या लाटू की तुमचे वजीर?" तुम्ही हलत नाही. आपल्या घरचा नियमच तसा: जिंकलेल्याने हरलेल्याला चूक दाखवायची, मगच उठायचं. आणि चूक दाखवण्याआधी तुम्ही विचारायचात, "काय मनात होतं गं तुझ्या?" घरातली पहिली पदवीधर मी पुढे झाले, पण आपलं म्हणणं नीट मांडायला त्या पोळपाटाशेजारीच शिकले.

माणूस परत जिंकला नाही, पप्पा. आता मोठमोठे खेळाडू यंत्राशी सामने खेळायच्या भानगडीत पडत नाहीत. साध्या फोनपुढेही त्यांचा टिकाव लागत नाही. उलट स्वतःचा डाव संपला की त्यालाच विचारतात, कुठे चुकलो. तुमचा नियम यंत्राने उचलला, अर्धाच. मनात काय होतं, ते विचारत नाही.

मी रविवारी डोंबिवलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. मागच्या वेळी एका मुलीची आई दारातूनच म्हणाली, "ताई, हिचं नाव क्लासमधून काढते. फोन फुकट शिकवतो, आणि तुमच्यापेक्षा भारी!" खोटं काय होतं त्यात? मुलगी मान खाली घालून माझ्याशी खेळत होती. चांगला पुढे गेलेला हत्ती तिने मागे, राजाशेजारी आणून ठेवला. फोनने लगेच चूक म्हणून लाल खूण केली असती. माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला.

"राजा एकटा होता ना, ताई."

तिची आई मग हसली. "घरी पण असंच. हिचे बाबा येईपर्यंत ही जेवत नाही." चपला काढून ती आत येऊन बसली.

आज मुलगी परत आली. हा कागद तुमच्या मागे उरलेल्या बोल्टांच्या डब्यात ठेवतेय, पण त्याआधी एक सांगते. त्या दिवशी डाव मी जिंकले आणि हत्तीची चूक न दाखवताच उठले. आज तरी दाखवायची होती. नाही दाखवली.