शंभराचा दगड

१४ नोव्हेंबर १९९९
दगड आला. काळा, गुडघ्याएवढा. पाथरवटाने झकास खोदलंय, "पावस ते दाभोळ १०० कि.मी." दोघांनी उचलून ओटीवर ठेवला. हे म्हणाले, "आणि वाट कुठाय?" म्हटलं, होईल. म्हणे, "आधी दगड, मग वाट. लग्नाआधी बारसं." संसारभर हेच ऐकतेय.

जूनपासून रिटायर. सगळी नोकरी पी.टी.त गेली, पोरांना मैदानाभोवती पळवण्यात, आता पायांना काम नाही. शेजारचे हमीदभाई (पुढे ह.भा.) बोटीवर सुकाणी होते, तेही घरात सगळ्यांना जड झालेत. दोघांनी मिळून ठरवलं: पावस ते दाभोळ, किनाऱ्याकिनाऱ्याने जुन्या पायवाटा जोडून एक सलग चालायची वाट करायची. दगडाझाडांवर पिवळ्या रंगाची खूण. नकाशावर दोरा टाकून मोजलं तर बरोबर शंभर भरले. शंभर! म्हटलं, देवानेच आखलीय. लगेच दगड सांगून टाकला.

"पर दाभोळच का?" ह.भां.नी विचारलं. माहेर आहे, एवढंच सांगितलं.

२१ नोव्हेंबर
पुढचं इथे लिहिते. इथे कोण वाचतंय.

दादा माझ्याशी आठ वर्षं बोलत नाही. पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत, दादाने स्वतःच्या बागेतला हापूस स्वतःच्या हाताने वाढला नि विचारलं, "कसा आहे, मालू?" मी म्हटलं, "चांगलाय. पण आमच्या पावसच्याची सर नाही." झालं. वाढप तिथेच टाकून आत गेला. वर म्हणे, "ती आता तिकडची झाली." अरे, विचारलंस म्हणून सांगितलं ना? नसतं विचारायचं. मी आजही तेच म्हणेन.

तर वाट संपते दाभोळात चंडिकेच्या देवळाशी. धक्क्यावरून देवळाकडे जाणारी जुनी पायवाट दादाच्या बागेतून जाते. बागेच्या गडग्याला बेडं आहे, तीन बांबू सरकवले की आत. लहानपणी मी ते न सरकवता खालून जायची. आता त्याला साखळी लावलीय असं वहिनी सांगते. (वहिनी रविवारी फोन करते, दादा देवळात गेला की.)

बघू. दाभोळ लांब आहे अजून.

३ डिसेंबर
मोजणीला सुरुवात. ह्यांच्या जुन्या सायकलचं पुढचं चाक काठीला बसवलं. फेरा झाला की पत्र्याची जीभ टिंग वाजते. शंभर टिंग झाले की ह.भा. डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकतात. मी पुढे, रंगाचा डबा घेऊन.

पावसच्या पुढे एका आजीने अडवलं. "कुटं चाल्लाव बाय?"
"दाभोळला."
"चाक घेऊन? बाकीची सायकल कुटं हाय?"
चहा घेतल्याशिवाय सोडलंच नाही. पुढच्या वाडीत परत चहा. तिसऱ्या वाडीत घावन.

संध्याकाळी रत्नागिरीत पोचलो. पाय छान. चिंचोके जास्त.

४ डिसेंबर
कळलं! चहाला जाताना चाक उचलायचंच राहिलं. पायवाटेवरून अंगणात, अंगणातून पडवीत, परत पायवाटेवर, टिंग टिंग टिंग. एका घरी तर ह.भा. ते घेऊन मागच्या विहिरीवर हात धुवायला गेले होते. म्हटलं, ते वजा करा. म्हणतात, "बाई, चाललो की नाही चाललो? चाललो ना? मग?"

हे दिवसभर हसतायत. जेवायला वाढताना ह्यांना एक पोळी कमी वाढली.

१२ डिसेंबर
गणपतीपुळ्यापर्यंत मोजून झालं. दोरा म्हणत होता त्यापेक्षा नऊ जास्त. अर्थात! नकाशावरचा दोरा घाटी चढत नाही. दोऱ्याला कुत्रं मागे लागत नाही. दोऱ्यापुढे खाडीच्या तोंडाशी भरतीचं पाणी येत नाही, म्हणून वर सड्याच्या उघड्या कातळावरून वळसा घालावा लागत नाही.

दगड ओटीवर आहे. येताजाता दिसतो.

२६ डिसेंबर
मालगुंडच्या पुढचं एक गाव. वाट देवीच्या राईतून काढायची होती, थंडगार, सरळ. गावकरी म्हणाले, आमचं काही नाही, देवीला विचारा. गुरवाने कौल लावला. सगळे श्वास रोखून. फूल पडलं डावं. नाही म्हणाली.

मी म्हटलं, परत लावून बघा, मुद्दा नीट मांडला नसेल. गुरव माझ्याकडे असं बघायला लागला की मीच रंगाचा डबा उचलला. राईला वळसा. दोन चिंचोके वाढले असतील.

येताना ह.भा. म्हणाले, "बाई, देवीलाबी तुम्ही पी.टी.चा तास घ्यायला निघालाव."

९ जानेवारी २०००
नारळ घेऊन परत गेले. कौल उजवा! पण अट: राईतून अनवाणी जायचं. कबूल. वळसा वाचला, आनंदाने चपला हातात घेतल्या. राईत काटे. अर्ध्या वाटेवर वाटलं, वळसाच जवळ होता.

१६ जानेवारी
जयगडची खाडी होडीने पार केली. भांडण.

मी: पाणी मोजायचं नाही. चालायची वाट आहे.
ह.भा.: मग वाट जयगडला संपली म्हणा. पलीकडे दुसरी वाट.
मी: बरं, मोजू. सरळ रेषेत.
ह.भा.: (खो खो हसून) सरळ? ओहोटीला वाळू वर येते, होडी वळसा घालून जाते. भरतीला सरळ. आता सांगा, दगडावर भरती लिहायची की ओहोटी?

होडीवाला आमचं ऐकत वल्ही थांबवून बसला. होडी भलतीकडे लागली. ते अंतर कशात धरायचं, माहीत नाही.

३० जानेवारी
पलीकडे एका गावच्या सरपंचांनी हार घालून स्वागत केलं. मग लक्षात आलं हार कशासाठी. वाट त्यांच्या नव्या समाजमंदिरावरून न्यायची. तिथे पंखा आहे म्हणे. एवढ्या प्रेमाने म्हणाले, नाही कसं म्हणणार? तर खालच्या वाडीतल्या बायका रुसल्या, आमच्या विहिरीवरून का नाही? मग विहिरीवरून. आता त्या गावात वाट समाजमंदिर, विहीर, परत समाजमंदिर अशी जाते. पंखा बंद होता.

१३ फेब्रुवारी
धोपाव्यापर्यंत आलो. खाडीपलीकडे दाभोळ दिसतं. धक्का दिसतो. धक्क्याच्या वरची हिरवी पट्टी म्हणजे दादाची बाग, तीही दिसते. ह.भा. म्हणाले, "चला, लाँच लागलीय." म्हटलं, आज नको, पाय दुखतोय. दुखत नव्हता.

घरी हिशेब केला. धक्क्यापासून देवळापर्यंतचं मला पाठ आहे, बागेबाहेरून डांबरी रस्त्याने धरलं. एकूण एकशे बारा. शंभरावा किलोमीटर कुणाच्या तरी गोठ्यात येतो.

हे म्हणाले, "दगड गोठ्यात नेऊन ठेव. म्हशीला कळेल तरी दाभोळ किती लांब."

५ मार्च
काटछाट चालू. चहा वजा केला. ह.भां.चा निषेध. पाणी दोन्ही खाड्यांचं वजा. समाजमंदिर उडवलं (सरपंचांना सांगायचं ह.भां.नी, मी नाही). विहीर ठेवली, बायकांशी वाकडं कोण घेणार. दोन घाट्या जुन्या पाखाडीने सरळ केल्या, पायऱ्या आहेत तिथे, गुडघ्यांनी तक्रार करू नये.

एकशे दोन.

पुन्हा पुन्हा बघितलं. कुठून म्हणून कापता येत नाही. जास्तीचे दोन म्हणजे दादाच्या बागेभोवतीचा वळसा. दोन किलोमीटर म्हणजे दादा.

ह.भां.ना आज सगळं सांगितलं, पंगतीसकट. हातातला चिंचोका त्यांनी खिशात टाकला. मग म्हणाले, "बाई, भावाने आंबा वाढला आणि तुम्ही असं बोललाव? तोबा." म्हटलं, खरं ते बोलले. "खरं बोलायला बाकीची सगळी फळं होती की."

१९ मार्च
ह.भां.च्या भाच्याची लाँच दाभोळला चालली होती. दगड त्यात घालून पाठवला. धक्क्यावर उतरवून ठेव, म्हटलं, जागा मग ठरवू. ओटी रिकामी झाली. हे म्हणतात, आता पाय कशावर ठेवू?

२६ मार्च
वहिनीचा फोन. घाईघाईत, कुजबुजत. "वन्सं, तुमचा दगड आमच्या ओटीवर आहे."
"तिकडे कसा गेला?"
"हे धक्क्यावर गेले होते. चार गडी लावून उचलून आणला. म्हणाले, रस्त्यात पडला होता, कुणाच्या पायाला लागेल."
"मग?"
"मग काय, सकाळी त्यावर बसून चहा पितात."

चोर! माझा दगड!

मग वहिनी म्हणाली, बाग पावसाळ्यानंतर खंडाने देणार. मुलगा मुंबईला बोलावतोय, दादाचे गुडघे गेलेत. हाच शेवटचा हंगाम.

दादाचे गुडघे? नारळाच्या झाडावर दोरीशिवाय चढायचा तो. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांनी येऊन पाहिलं, आमटीखालचा गॅस बंद केला. करपली होती.

९ एप्रिल
ठरलं. पावसाळ्याआधी अख्खी वाट एका दमात चालायची. हे म्हणाले, मे महिन्यात? लोक वेड्यात काढतील. म्हटलं, काढू देत. दिवाळीपर्यंत थांबले तर बेड्यापाशी दुसराच कुणी उभा असेल.

आणि हंगामात कुणी परक्याला बागेत घेत नाही, हे मला कळत नाही असं नाही. पावसची बाग मीच राखते, मला काय सांगता.

७ मे
पावसहून निघालो. निघताना ह्यांनी पिशवीत काहीतरी टाकलं. उघडून पाहिलं तर आमच्या बागेतले दोन हापूस. "दादाला दे." मी काढून ठेवले. हे म्हणाले, "तू ना, अगदी..." पुढे बोलले नाहीत. बरं झालं.

१० मे
जयगड. ऊन मरणाचं. पहाटे चालतो, दुपारी कुणाच्यातरी पडवीत पडतो. देवीच्या राईत अनवाणी गेलो. खाली पालापाचोळा थंडगार होता, हिवाळ्यातले काटे कुठे गेले कोण जाणे. ह.भां.नी बाहेर आल्यावरही चपला घातल्या नाहीत थोडा वेळ.

चाक आणलंय. मी म्हटलं, परत कशाला? म्हणतात, सवय झालीय, नाही वाजलं तर चालल्यासारखं वाटत नाही.

१४ मे
दाभोळ. वहिनीच्या माजघरात बसून लिहितेय. क्रमाने लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

दुपारी धक्क्यावर उतरलो. ह.भां.नी विचारलं, "डांबरी रस्ता की बाग?" पाय आपोआप पायवाटेला लागले. बेड्यापाशी गुरखा. हातात काठी. "अंदर जाना मना है." म्हटलं, ही माझ्या भावाची बाग आहे. "सब लोग यही बोलता है." साठीला आलेली बाई नि चाक घेतलेला म्हातारा, आम्ही आंबेचोर! असा संताप आला. वळले. म्हटलं, चला ह.भा., एकशे दोन तर एकशे दोन.

तेवढ्यात ह.भां.नी माझ्या दंडाला धरलं. "बाई, साखळी बघा."

साखळी नव्हती. तीनपैकी वरचे दोन बांबू सरकवलेले होते. फक्त खालचा राहिला होता.

आतून आवाज आला. "त्यांना सोड रे. नि मालूला सांग, खालून यायचं नाही. आता वय झालं."

दादा. लुंगी, काठी. केवढा वाकलाय. मी बांबू ओलांडला नि खाली बघतच पदर खोचला. तोही माझ्याकडे बघेना, ह.भां.च्या चाकाकडे बघत म्हणाला, "हे काय?"

"वाट मोजतो," ह.भा. म्हणाले. "इथून सरळ देवळापर्यंत आलं की बरोबर शंभर भरतात."

"सरळ कशाला?" दादा म्हणाला. "आलाच आहात तर बाग बघा."

आणि फिरवलं. काठी टेकत, कण्हत, थांबत. वडिलांनी लावलेलं पहिलं कलम. विहीर. मी ज्यावरून पडले होते ते फणसाचं झाड. पेट्या भरायची नवी शेड. परत पहिलं कलम, कारण त्याबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. मागे चाक, टिंग टिंग. मी एकदा म्हटलं, "दादा, गुडघे." म्हणाला, "तू पी.टी. शाळेत शिकवायचीस ना?"

सगळं धरून एकशे तीन. बाहेरच्या वळशापेक्षा आतली वाट लांब झाली. ह.भां.नी माझ्याकडे बघितलं, वजा करू का म्हणून. मी मान हलवली, नको.

संध्याकाळी ओटीवर दगड बघितला. वर चहाचे गोल डाग. आता कुठे लावायचा तो, नि काय खोदायचं त्यावर? दादा म्हणतो, शेवटचं शून्य मिटवून तिथे तीन खोद. मी म्हणते, उद्या तू आणखी कुठे फिरवलंस म्हणजे? म्हणतो, राहू दे मग इथेच, बसायला होतो.

रात्री पानं मांडली. दादाने स्वतः आंबा कापून माझ्या पानात वाढला. वहिनी वाढता वाढता थांबली. ह.भां.नी तर डोळेच मिटले.

दादाने यावेळी काही विचारलं नाही. नुसता समोर बसून राहिला.

खाल्ला. कोय चाटूनपुसून.

मेला, काय गोड होता. पावसच्यापेक्षा नसेल, पण... पावसचा मी या वर्षी अजून खाल्लाच नाहीये, नीट सांगता येणार नाही.

उद्या निघायचंय. दादा म्हणतो, दोन दिवस राहा, मागचा सडा दाखवायचा राहिलाय. ह.भा. चिंचोके मोजतायत, म्हणतात पुरणार नाहीत. आंब्याबद्दल अजून कुणीच काही बोललेलं नाही.