डबा परत करायचा आहे

सोलापूर,
दि. ५ जानेवारी

चि. वेणीमाधव यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि चेतनाने पाठवलेली हुरड्याची पिशवी, दोन्ही पोचलं. हुरडा संपला, तुझं अक्षर अजून लावते आहे. तरी पत्रच बरं. फोनवर तू कानाचं यंत्र खिशात ठेवून बोलतोस आणि मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य खात्रीसाठी मोठ्याने म्हणून दाखवतोस. तुझ्या औषधाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझ्या गुडघ्यांचा इतिहास आता पाठ झाला असेल.

बातमी अशी, की कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने यंदाच्या गौरवासाठी माझं नाव काढलं आहे. रविवारी, १९ तारखेला सकाळी, कॉलेजच्याच सभागृहात. व्यवसायातलं कर्तृत्व आणि समाजसेवा, असं कारण दिलंय. कर्तृत्व म्हणजे सूतगिरणीतली रंगांची प्रयोगशाळा आणि नंतर घरी काढलेली पाणी तपासायची. समाजसेवा म्हणजे तिथे गरजू मुलींना शिकवलं ते. काचेची नळी फुटली की त्या माझा ओरडा खायच्या. सेवा कुणी केली ते त्यांनाच विचारावं.

संघाला माझ्यावर छोटी फिल्म करायची होती. माझ्याकडे राहते त्या शिवलीलाने मंचावर दोन शब्द बोलावेत, असाही आग्रह होता. दोन्हींना नाही म्हटलं. तुलाही सांगून ठेवते, गाजावाजा नको आणि घरातला कुठलाही फोटो कुणाला देऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

तुम्ही दोघं आलात तर आनंद आहे. टाळ्या मात्र बेताने वाजव.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवायची गरज नाही.

तुझी ताई


टेंभुर्णी,
दि. ९ जानेवारी

ती. शकुंतलाताईस वेणीमाधवचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ताई, तू रागावणार हे धरूनच लिहितो. आयुष्यभर तुझं ऐकलं, या वेळी ऐकलं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर आपल्या चौकात तुझा फ्लेक्स लावला आहे. सगळ्या गाड्या तिथे हळू होतात. गावात कुणी सोसायटीवर निवडून आला तरी त्याचे फ्लेक्स महिनाभर फडफडतात. मग माझ्या बहिणीचा एक का नको? तुझा गौरव, तारीख, ठिकाण, सगळं ठसठशीत आहे. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, नाव आणि फोन नंबर. चेतना म्हणते, माझाच फोटो जास्त मोठा आलाय. खोटं आहे.

तुझा फोटो भाऊबीजेचा घेतला. त्यात शिवलीलाचा हात तुझ्या खांद्यावर आहे, फ्लेक्सवाल्याला तो कापता येईना. म्हटलं, राहू दे, पोर गोड दिसते.

आणि ऐक, तुझं नाव कुठवर गेलं ते. काल अक्कलकोटच्या पलीकडून एका गृहस्थांचा फोन आला. मराठीला कानडी वळण, पण फार अदबीने बोलले. फ्लेक्सचा फोटो त्यांना कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता. बाईंच्या शेजारची मुलगी कोण, त्यांच्याकडेच असते का, असं विचारलं. मी म्हटलं, लेकीसारखीच आहे. घर कुठे, तेही विचारलं. बागेमागची गल्ली सांगितली. त्यांनाही तुझा सत्कार करायचाय म्हणे. नाव विचारायचं राहिलं.

आम्ही दोघं रविवारी लवकर निघतो. चेतना नवी साडी घेतेय, म्हणजे तुझ्यापेक्षा तिचीच तयारी जास्त.

राग गिळून लोभ करावा ही विनंती.

तुझा वेणू


सोलापूर,
दि. १२ जानेवारी

चि. वेणीमाधव,

सकाळी फोनवर फ्लेक्स उतरव एवढंच म्हणाले, आणि तू दुकानात उभा राहून तेच मोठ्याने म्हटलंस. म्हणून पुढचं लिहून ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे. एकट्याने वाच. मग चेतनाला दे.

शिवलीला लातूरची नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं, कारण जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं. ती सीमेलगतच्या एका खेड्यातली. तिच्या डाव्या हातावरच्या डागाबद्दल मी ॲसिड सांडल्याचं सांगितलं होतं. तो तिच्या नवऱ्याने, शरणबसवने, चुलीत धरलेला हात आहे. ती डावरी आहे, म्हणून डावाच धरला. पळून माहेरी गेली, तर माहेरच्यांनी समजूत घालून परत नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा पळाली ती माझ्याकडे आली. तक्रार दिली तेव्हा तिच्या दिराने ठाण्याच्या दारात उभं राहून सांगितलं, की सापडली तर पुन्हा स्वतःच्या पायांनी चालणार नाही. हे मी स्वतः ऐकलं आहे.

आता ती कुणाकडे आहे ते त्यांना कळलं, माझी गल्ली मिळाली, आणि मी रविवारी घराबाहेर असेन ती वेळही मिळाली.

तिला काल एका मैत्रिणीकडे हलवलं. ठाण्यात अर्ज दिला. काही घडलं तर लगेच कळवा, असं तिथल्या साहेबांनी मला सौजन्याने सांगितलं.

शहरात गड्ड्याची यात्रा भरली आहे. सीमेपलीकडची माणसं रस्तोरस्ती आहेत, आणि प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली मला तोच दीर दिसतो. काल नवी पेठेत दोऱ्याची रिळं घेताना शेजारी कुणी कानडीत बोललं आणि मी पैसे न देताच दुकानातून बाहेर पडले. दुकानदार मागे पळत आला, तर मी ओरडले.

रविवारी तुम्ही येऊ नका. तुझा चेहरा आता सगळ्यांना माहीत आहे. मी जावं की नाही, ठरत नाही.

तुझ्यावर रागावण्याइतकी सवड नाही. सवड मिळाली की रागावेन.

ताई


टेंभुर्णी,
दि. १५ जानेवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला. घडी करून गोदामात ठेवलाय, चेहरे आत करून. चेतना म्हणते, तिला डागाची शंका तेव्हाच आली होती, तू सांगितलं नाहीस म्हणून गप्प बसली. मला मात्र काही दिसलं नाही. मी फोटो काढत होतो.

काल दुकानासमोर एक जीप थांबली. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उतरला. फ्लेक्स का काढला, असं विचारलं. आवाज तोच, फोनवरचा. मी म्हटलं, मुदत संपली. बाई कुठे आहेत म्हणाला, तर मी म्हटलं, पुण्याला गेल्यात, कार्यक्रमही रद्द झाला. ताई, गिऱ्हाइकालासुद्धा मी कधी खोटं सांगितलं नाही, त्यामुळे मला ते जमलंही नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, नुसतं बरं म्हणाला आणि गेला. जीपमध्ये मागे एक बाई बसली होती. कपाळावर विभूती, मांडीवर स्टीलचा डबा. उतरली नाही. माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघत होती.

मला वाटतं तू जाऊ नयेस. चेतना म्हणते, ताईंनी जावंच. चारशे माणसांत त्या सुरक्षित आहेत, घरी एकट्या राहिल्या तर नाहीत. तिचंच बरोबर असतं बहुतेक.

कानाचं यंत्र आता लावूनच झोपतो.

अपराध्यावरचा लोभ थोडा तरी शिल्लक ठेव.

वेणू


सोलापूर,
दि. २१ जानेवारी

चि. वेणीमाधव यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप आहे, हे आधी. फोनवर तेवढंच कळवलं होतं, बाकीचं आता लिहिते.

चेतनाचं ऐकून गेले. मंचावर आम्ही तिघं सत्कारमूर्ती होतो. एक मोठे डॉक्टर, एक धरणं बांधणारे इंजिनिअर आणि मी. सूत्रसंचालकाने मला अनेक मुलींची आई म्हटलं. टाळ्या झाल्या. मी सभागृहाची दारं मोजत होते. भाषणात काय बोलले ते आठवत नाही. लोक म्हणतात नेमकं बोलले, म्हणजे थोडंच बोलले असेन.

आपल्याकडे मुख्य सत्कार झाला की ज्याला त्याला वर येऊन आपली शाल घालायची असते. तशी रांग लागली. जुन्या विद्यार्थिनी, शेजारी, गिरणीतले लोक. त्या रांगेत मला विभूती दिसली आणि मग स्टीलचा डबा. मंचाच्या पायरीशी पांढरा सदरा उभा होता. मला उठता येईना. दोन्ही हात शालींनी भरले होते आणि फोटोवाला हसा म्हणत होता.

ती समोर आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "मी निंगव्वा. शिवलीलाची आई. ह्यो माजा भाऊ, तिप्पण्णा. त्यांनी बी फोटो बगितलाय बाई. लेक तुमच्याकडं असंल तर हलवा तिला."

वेणू, मला कसं कळणार होतं? याच आईने लेकीला एकदा परत नेऊन सोडलं होतं. तिला पुढे करून मागे तो दीर उभा असेल तर? मी तिच्याकडे बघून म्हटलं, की अशी मुलगी मला माहीत नाही. मुलींची आई म्हणून टाळ्या घेतल्या आणि पाठोपाठ एका आईला हे सांगितलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "नसंल तर नसंल. डबा तेवढा ठेवा. मोकळा झाला की टेंभुर्णीला तुमच्या भावाच्या दुकानात द्या. म्या येईन." मागच्या माणसाने शाल पुढे केली आणि ती खाली उतरली.

घरी आल्यावर डबा बराच वेळ टेबलावर तसाच ठेवला. मग उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हसू नकोस, पण मी चिमूटभर चटणी नळीत घालून तपासली. दुसरं मला काय येतं? काही निघालं नाही, तेव्हा रिक्षा बदलत मैत्रिणीकडे गेले. शिवलीलाला फक्त डबा दिला, कुणाचा ते सांगितलं नाही. तिने चटणी बोटावर घेतली, लसूण सालीसकट कुटलेला बघितला आणि तिथेच फरशीवर बसली. आई बारीक झालीय का, एवढंच विचारलं तिने. मी त्या बाईच्या मागची रांग बघत होते, तिला पाहिलंच नव्हतं.

निंगव्वाचं खरं होतं. सोमवारी सकाळी दोघंजण माझ्या गल्लीत चौकशी करून गेले. शेजाऱ्यांनी वर्णन केलं, त्यातला एक तो दीरच. तोवर शिवलीला सोलापुरातून गेली होती. कुठे, ते तुला सांगणार नाही. कळलं की तू मोठ्याने म्हणून बघशील. गौरवाची शाल तिला दिली. तिथे थंडी असते. गल्लीतल्या चौकशीचं ठाण्यात लिहून दिलं आहे, आणि या वेळी साहेबांनी बसायला खुर्ची दिली.

रात्री दाराला दोन कड्या लावते आणि तरीही उठून बघते. भीती गेली नाही, हे तुला लिहायला लाज वाटत नाही.

आता तुझं काम. याच पार्सलमध्ये निंगव्वाचा डबा आहे. ती येईल. शिवलीला बरी आहे का, असं विचारलं तर काही बोलू नकोस. तुला खोटं जमत नाही आणि खरं सांगायचं नाही. पांढऱ्या सदऱ्याबरोबर कुणी तिसरा असेल तर डबा दाखवूही नकोस. ती दोघंच असतील तर तिच्या हातात दे, आणि दुकानातच उघडायला सांग.

कुणाचा डबा रिकामा परत करायची आपली रीत नाही. तिचीही नसणार, म्हणूनच तर डबा ठेवून गेली. त्यात पुरणाचे कडबू आहेत. निघण्याआधी शिवलीलाने केले, मला हात लावू दिला नाही. कडेची मुरड बघ. आपण घालतो त्याच्या उलटी पडली आहे, डाव्या हाताची. चुलीत धरला होता तोच हात.

बाकी निंगव्वा वाचेल.

चेतनाला आशीर्वाद. यंत्र कानातच ठेव, आणि आम्हा दोघींवर माया असू दे.

तुझी ताई