स्वप्नाचा तंबू आणि दुकानची कैची

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मानवत
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यशीलास दादाचे अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

हल्ली कानात आप्पांचं दुकान वाजतं. आधी कैचीचा एक ‘कट्’, मग लांबलचक ‘चर्रर’. आप्पा कापडाच्या काठाला कैचीनं छोटा छेद द्यायचे आणि पुढं हातानं सरळ फाडत न्यायचे. मी गादीवर बसून चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो, एका चरणाला एक वार कापड. आता समोरच्याचं बोलणं ओठांवरून कळतं, फोनवर तुझा आवाज मुंगीएवढाही येत नाही. पण साठ वर्षांपूर्वीचं ते कापड स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तर पत्र.

विरेशला जाऊन परवा दीड महिना होईल. घर चालू आहे. अनुपमा पोरीचा डबा करते, माझ्या गोळ्या काढून ठेवते. मी जेवतो, पेपर वाचतो. मुलगा गेल्यावर बापाला काय वाटतं, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. पायाला मुंग्या आल्यावर तो आपलाच आहे हे बघून कळतं, तसं चाललंय.

गणपतीत विरेशनं लेकीला, स्वप्नाला, दुमजली पलंग आणला होता. वर ती, आणि तिला झोप लागेपर्यंत खाली तो. वरच्या मजल्याला तंबू करून देतो म्हणाला होता, राहून गेलं. आता पोर पलंगाला शिवत नाही, कपाटापाशी भुईवर झोपते. अनुपमाचा भाऊ शिवकांत तीस तारखेला लातूरहून दोघींना न्यायला येणार आहे, कायमचं. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

परवा स्वप्नानं विचारलं, आता तंबू कोण करणार. आठवड्यात तेवढंच बोलली. मी म्हणालो, मी करणार, जन्मभर कापडच विकलं की. मांजरपाट आणला, डोळ्यानंच अंदाज घेतला, घरात धड कैची नाही म्हणून काठ दातानं तोडला आणि फाडला. मला काही ऐकू आलं नाही. पण अनुपमानं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. स्वप्ना कापडाकडं बघत मागं मागं सरकली. तेव्हापासून दोघी माझ्यासमोर येत नाहीत. माझं काय चुकलं?

पायाचं प्लास्टर कधी निघतंय ते कळव. दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
बसवंतदादा

पोखर्णी
२४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास सत्यशीलाचा शि. सा. न., वि. वि.

पत्र पोचलं. वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. दादा, तू येडा हायस का? पन्नास वर्षं गादीवर बसलास आणि हे मी सांगू? पांढरा मांजरपाट, गज न लावता, कैची न लावता, हातानं फाडलेला. असं कापड आपल्या दुकानातून कशासाठी जायचं? मर्तिकासाठी. तेवढ्यापुरती आप्पा कैची गादीखाली सारायचे. अनुपमाचं माहेरबी कापडवाल्याचंच, तिला कुणी सांगावं लागत न्हाई. विरेशचं कापड त्या दिवशी ओसरीत तूच फाडलंस. पोर तिथंच बसली होती म्हणं. तिनं तो आवाज दुसऱ्यांदा ऐकला. तुझ्या कानात ‘कट्’ वाजतो ना, तेवढाच तंबूच्या कापडाला द्यायचा राहिला बघ.

ते पांढरं कापड मठात देऊन टाक. वहिनीच्या लुगड्यांची पेटी काढ. माळ्यावर काय उंदरांसाठी ठेवलीस? पोरीला रंग निवडू दे, तिच्या वितीनं मोजू दे. दुकानची मोठी कैची माझ्याकडं हाय, गोधड्यांसाठी मीच आणली होती. कुणाबरोबर तरी एसटीनं पाठवते. पहिला ‘कट्’ तिला करू दे.

आणिक एक, राग मानू नको. तंबू पोरीला झोप लागावी म्हणून कर, तिला अडकवून ठेवायला करू नको. माझा पाय लाकडासारखाच हाय. परसात जायला दोन माणसं लागायलीत, न्हाईतर विरेशला शेवटचं बघायला आले नसते का.

कविता कमी म्हण, गोळ्या वेळेवर घे. धाकटीवर जीव असू दे.

सत्यशीला

मानवत
७ डिसेंबर २०२५, रविवार सकाळ

चि. सत्यशीलास अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून बराच वेळ स्वतःचे हात बघत बसलो. मग अनुपमाला गाठून चूक कबूल केली. ती म्हणाली, मामंजी, तुम्हाला कळलं नाही, हे मला कळलं होतं.

पेटी उघडली. तुझ्या वहिनीचं डाळिंबी लुगडं स्वप्नानं निवडलं. पलंग तिच्या वितीनं तेरा भरला. वर सुतळ्या ताणल्या, चारी कोपऱ्यांना सुटत्या गाठी मारल्या आणि लुगडं टाकून बघितलं. आत उजेड डाळिंबाच्या दाण्यासारखा पडतो. दार कापायचं बाकी आहे. मी भाजीची सुरी घ्यायला उठलो तर स्वप्ना आडवी आली. आप्पांच्या दुकानाची गोष्ट मी तिला सांगितली होती ना. म्हणाली, “सुरीनं नाही. कट् वाजला पाहिजे.”

तंबू झाला तरी खालच्या मजल्यावर कुणी असल्याशिवाय वर झोपणार नाही म्हणते. मी झोपू का विचारलं. तर म्हणाली, “आजोबा, तुम्हाला हाक ऐकू येत नाही.” खरंच आहे.

शिवकांत गेल्या रविवारी आला नाही. अनुपमा त्याला फोनवर म्हणाली, कैची यायची आहे, तंबू झाला की ये. तिचे ओठ मी वाचले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं. म्हणून हे पत्र. सत्यशीला, कैची पाठवू नकोस. गंजली म्हण, हरवली म्हण. तू नको म्हणालीस तेच करतोय, ठाऊक आहे. पण कैची येत नाही तोवर या घरात तीन ताटं मांडली जातात.

स्वप्ना दाराकडं पळाली, म्हणजे कडी वाजली असणार. शिवकांतच असेल, वाट बघून न सांगता निघाला असेल. अनुपमाही उठली.

शिवकांत नाही. दारात रिक्षा आहे. आधी काठी उतरली, मग प्लास्टरचा पाय, मग केवढं तरी बोचकं, दोन-चार दिवसांच्या पाहुण्याचं नाही एवढं. स्वप्नानं त्यातून कैची ओढून काढली आहे आणि पलंगाचा खालचा मजला तुला बोटानं दाखवते आहे.

आता हे पत्र तुझ्यापासून कुठं लपवू?