जीप, पिकअप आणि बाबांचा कौल

३ नोव्हेंबर, सोमवार

घडलं ते क्रमाने:
१. बाबांनी सकाळी देवळात कौल लावून घेतला. माझी जीप देऊन पिकअप घ्यावी का, हा प्रश्न. मी साइटवर होते.
२. दहा वाजता त्यांचा फोन. "देवान उजवो दिलो गो बाय." उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे होकार.
३. दुपारी मी डीलरला हो कळवलं.
४. संध्याकाळी जीपची पाहणी झाली. शनिवारी, १५ला, जीप द्यायची, पिकअप आणायची. हस्तांतराच्या कागदांवर सही त्याच दिवशी.

मी कौल मानत नाही. बाबांचा शब्द मानते. पावसाळाभर मी नाही म्हणत होते. आज हो म्हटलं ते त्या शब्दावर.

पाहणीला आलेला एजंट: "मॅडम, ही तुम्ही चालवता काय तुमचो भाव?" मला भाऊ नाही, म्हटलं. मग त्याने टायर बघितले.

५ नोव्हेंबर, बुधवार

इब्रामपूर. सर्व्हेचं काम, ओढ्यापलीकडे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, हबला लागलेलं. लिव्हर फोर-लोला टाकला, चारही चाकांना जोर मिळाला, क्लच सोडला, जीप आपली आपण चालत पलीकडे गेली. शेजारच्या सीटवर सर्व्हेचं इन्स्ट्रुमेंट, पट्टा बांधून. कंपनीची गाडी अलीकडेच थांबली, बाकीचे पँटी दुमडून आले. १५नंतर मीही.

हिशेब पिकअपच्याच बाजूचा आहे. आमच्या सर्वणच्या बागायतीतले केळीचे घड जीपमध्ये सहा मावतात. भाड्याचा टेंपो वेळेवर येत नाही, मागच्या खेपेची केळी अंगणातच काळी पडली. हे सगळं मान्य.

एकच प्रश्न राहतो. चालवणार कोण? आई चालवत नाही, मी साइटवर असते. बाबा म्हणाले, "ड्रायव्हर दवरूया." कोण? "मेळटलो कोण तरी." मिळेल म्हणे. आजवर एकाशीही बोललेले नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डीलरकडे कागद द्यायला गेले. एजंट खुशीत. "तुमच्या बाबांनी ट्रायल घेतली परवा. जुना हात आहे, सॉलिड!"

मला माहीत नव्हतं. बाबांनी खाणींवर वीस वर्षं ट्रक चालवला, आमोण्याच्या जेटीपर्यंत. खाणी बंद झाल्या तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही. जीपलाही नाही. मला वाटायचं, मनाला लागलंय. कधी विचारलं नाही.

एजंट पुढे सहज म्हणाला, "उजव्या आरशात बघताना सगळी मान फिरवतात मात्र. सवय गेल्यामुळे आसतली."

सवय गेल्यामुळे असेल. लिहून ठेवते.

८ नोव्हेंबर, शनिवार

देवळात गेले. गुरवकाका समया घासत होते. कौल त्यांनीच लावला होता, गाऱ्हाणंही तेच घालतात, म्हणजे प्रश्न त्यांना शब्दशः माहीत.

"तू आनी देवळांत? वाट चुकली?"

जीपच्या कौलाचं सरळ विचारलं. त्यांनी समई खाली ठेवली. मग म्हणाले, "तुज्या जीपीचें ताणें विचारलेंच ना गो."

काय विचारलं मग?

"'परत गाडयेर बसूं?' इतलेंच."

आणि?

"डावो पडलो. म्हटलें, परत लावूया. नाका म्हणून गेलो."

म्हणजे बाबांनी स्वतःबद्दल, परत गाडी चालवू का, असं विचारलं, देवाने नाही म्हटलं, आणि मला फोनवर माझ्या जीपबद्दल हो सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी.

रात्री जेवायला बसलो. आई म्हणाली, "जीप गेली की घरांत येवन बस तरी मात्शें." बाबा हसले.  आरशासाठी सगळी मान फिरवण्याचं खरं कारण मला वाटतं तेच आहे का, एवढं आधी तपासायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

तपासलं.

सर्व्हेचा स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) माडाला टेकवून उभा केला. पंधरा मीटर मोजले. बाबांना म्हटलं, आकडे ठीक दिसतात का बघा, रंग उडालाय. एका आकड्याखाली लाल फडकं बांधलं होतं, तो आकडा वाचायचा. दोन्ही डोळ्यांनी: "सात." बरोबर.

ते पाणी प्यायला आत गेले. फडकं चाराखाली सरकवलं.

आले तेव्हा म्हटलं, आधी डावा डोळा झाका, मग वळा.

"कशाक गो? परीक्षा घेता काय बापायची?"

हो म्हटलं, पास व्हा. ते वळले. जराही न थांबता म्हणाले, "सात."

मी "बरोबर" म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. मीही एक खोटं बोलले मग. तारखेसह नोंद.

ते स्टाफ उचलायला आले तेव्हा हात पट्टीच्या बाजूला गेला, दुसऱ्यांदा लागला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईला आडून विचारलं. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेले होते? "चष्मो कित्याक जाय तांकां? पेपर वाचतात." पेपर डाव्याने वाचत असणार. तिला ठाऊक नाही. किंवा ठाऊक आहे आणि तीही…

नाही. प्रत्येकावर संशय घेत सुटायचं नाही.

जीपसाठी मी हे सगळं उकरते आहे का? स्वतःलाही विचारलं. थोडंसं, हो. पण पहाटे केळी भरून म्हापशाच्या रस्त्याला लागलेली पिकअप, उजवीकडून ओव्हरटेक करणारा कोणी स्कूटरवाला, आणि बाबांची मान तेवढ्यात वळलेली नाही. हे जीपबद्दल नाही.

डीलरला अजून काही कळवलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

समोर बसून विचारलं तर ते हसण्यावारी नेतील, मी गप्प बसेन. म्हणून चिठ्ठी. त्यांच्या सुपारीच्या डब्याखाली ठेवली. नक्कल इथे:

बाबा,
गुरवकाकांना भेटले. तुम्ही काय विचारलं आणि काय पडलं, ते कळलं. त्यांच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. रविवारी दुसऱ्या वेळी फडकं चाराखाली होतं.
जीप द्यायला माझी ना नाही. पिकअपलाही नाही. कोणी नको सांगितलं असतं तरी तुम्ही स्टिअरिंगवर बसला असता, हे मला कळतं. मीही तशीच आहे.
उजव्या डोळ्याने किती दिसतं, आणि कधीपासून, एवढंच मला सांगा. आईला मी काही बोललेली नाही.
शनिवारी सही आहे. त्याआधी, शुक्रवारी १४ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत, उत्तर द्या.