एकसष्टावा हिरवा ठिपका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे तेवीस, अविवाहित, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. असलाच तर आईचा आहे, आणि तो हे लिहू नये यासाठी आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. उद्या सकाळी नऊ वाजता मला तज्ज्ञांच्या हातून बेशुद्ध करण्यात येणार असल्यामुळे हे काम आजच उरकलेले बरे.

ऑपरेशन टॉन्सिलचे आहे. डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल काढून कुणी मरत नाही हो."

मी विचारले, "कुणीच नाही?"

ते म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

हे उत्तर नव्हे, म्हणून हे मृत्युपत्र. शिवाय जगले तरी आठवडाभर माझा आवाज बंद राहणार आहे, आणि उद्याच अकरा वाजता नगरपालिकेची सभा आहे. ऑपरेशनची तारीख चार महिन्यांनी मिळाली आहे, ती पुढे ढकलायला आई तयार नाही. तेव्हा कलम चारपासून पुढचे सर्व काही मी मेले नाही तरी लागू समजावे.

कलम १. माझी सायकल आईला द्यावी. आई म्हणेल, "मला कुठे येते चालवता?" मागच्या महिन्यात गल्लीच्या टोकाला साडी खोचून कोण चालवत होते, ते मी गच्चीवरून पाहिले आहे. घंटी दुरुस्त करून घ्यावी.

कलम २. माझे पदवी प्रमाणपत्र आत्याला द्यावे. आत्या दोन घरे सोडून राहते, शिवणकाम करते, आणि माझ्या फीसाठी तिने दोन वर्षे शेजारच्या गल्लीतले परकरसुद्धा शिवले. मात्र प्रमाणपत्र घरी आल्या दिवशीच तिने मला न विचारता त्याला प्लास्टिकचे पक्के आवरण चिकटवून आणले. आता ते कुठलेच कार्यालय स्वीकारत नाही. "पाण्यात पडलं तरी काही होणार नाही बघ," असे ती म्हणाली होती. प्रमाणपत्र आजवर पाण्यात पडलेले नाही. तरी मी तिला माफ करते.

कलम ३. लाल ठिपक्यांचा रिकामा कागद निवृत्त हेडमास्तरांना द्यावा. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

छोट्या कारखान्यांसाठी आणि वर्कशॉपसाठी, म्हणजे गावातल्या लोकांना गावातच काम मिळावे म्हणून, नगरपालिकेला एक जागा राखून ठेवायची आहे. पर्याय तीन: बंद पडलेल्या काच कारखान्याचे आवार, ओढ्याकाठचा उतार आणि आमच्या गल्लीमागचे मैदान. रहिवाशांची मते गोळा करण्याचे काम मला मिळाले. पद्धत मीच सुचवली. प्रत्येकाला दोन ठिपके द्यायचे. हिरवा "इथे हवे", लाल "इथे नको". नकाशावर चिकटवले की झाले. मला वाटले होते, लोकशाही इतकी सोपी करता येते.

लोकांनी हिरवे ठिपके परत केले आणि त्याबदल्यात लाल मागितले. एकट्या हेडमास्तरांनी नऊ लावले, "माजी विद्यार्थ्यांच्या वतीने." बेकरीवाल्यांनी आपला हिरवा ठिपका नकाशाच्या कोपऱ्यात, उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणावर लावला. मी म्हटले, "काका, ही जागा नाही, बाण आहे."

"तिथं कुणी राहत नाही ना? मग तिथंच होऊ दे."

प्रत्येक घरात एकच ऐकले: काम हवेच, पण पलीकडे. पलीकडच्यांनाही हेच वाटत होते.

कलम ४. हा कबुलीजबाब आहे. तिसऱ्या दिवशी लाल ठिपके संपले. आमची गल्ली मी शेवटी ठेवली होती. मी लोकांना म्हटले, हिरवाच लावा आणि त्यावर पेनाने फुली मारा. गुळगुळीत ठिपक्यावर शाई टिकत नाही, हे पदवीच्या तीन वर्षांत कुणी शिकवले नाही. नकाशा गुंडाळला आणि फुल्या पुसल्या गेल्या.

मंगळवारी कार्यालयात फलक लागला: सर्वाधिक पसंती, गल्लीमागचे मैदान, एकसष्ट मते. साहेब म्हणाले, "अभिनंदन, बेटा. एवढी समंजस गल्ली मी नोकरीत पाहिली नाही."

"साहेब, ते हिरवे ठिपके लाल आहेत."

"म्हणजे?"

"त्यांच्यावर फुल्या होत्या. पुसल्या गेल्या."

साहेबांनी चष्मा लावून नकाशा पाहिला. "मग आता ते हिरवेच आहेत. हरकत असेल तर सभेत या आणि तोंडी मांडा."

तोंडीच. उद्याच.

कलम ५. माझी निळी वही आत्याने सभेत वाचावी. तिच्या आवाजाला माइक लागत नाही. वहीत गल्लीतल्या प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, घर क्रमांकासह आहे. स्वतः आत्याचेही आहे: "मशिनींची धूळ उडाली तर पांढरे कपडे शिवायला कोण देईल मला?" आत्याने वाचताना स्वतःची भर घालू नये. कुणाचा आवाज काढून दाखवू नये. हेडमास्तरांकडे बघून वाचू नये.

कलम ६. वहीत फुलीवाली माणसे साठ आहेत. ठिपके एकसष्ट. मी दोनदा मोजले. निःपक्षपातीपणासाठी मी आमच्या घराला ठिपके दिलेच नव्हते.

काल जेवताना विचारले, "बाबा, एक ठिपका जास्त भरतोय."

बाबा लेथवर काम करतात, दोन तास प्रवास करून जातात आणि दोन तास करून येतात. अठरा वर्षे मी त्यांना उजेडात फक्त रविवारी पाहिले आहे. ते म्हणाले, "त्या रविवारी तू पाणी प्यायला आत गेली होतीस. तेवढ्यात एक लावला मी."

"फुली न मारता?"

"फुली कशाला? मला हवंय तिथं."

जेवायला आलेली आत्या पाटावरून उठलीच. "दादा! सगळी गल्ली एकीकडे आणि तू?"

"दुपारी घरी येऊन जेवलो असतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

सभेसाठी मी भाषण लिहिले होते. त्याची सुरुवात "आमच्या गल्लीचा एकमुखी विरोध" अशी होती. ते मी फाडले आहे. उद्या साठ विरोध सांगावेत आणि एक होकारही सांगावा. साठ वाचून आत्या एकसष्टावा गिळेल, अशी मला रास्त भीती आहे. तिने तो गिळू नये.

कलम ७. माझा स्वतःचा, न लावलेला हिरवा ठिपका पेनांच्या डब्यात आहे. आत्याच्या कपड्यांवर धूळ बसू नये आणि बाबांनी दुपारी घरी जेवावे, असे दोन्ही मला वाटते. तो ठिपका मी बाबांना आणि आत्याला मिळून देते. दोघांचे एकमत होईल तिथे लावावा. उत्तरेच्या बाणावर लावू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईकडे सोपवते. तिला विचारले असता ती म्हणाली, "आधी ती गोळी घे." यास मी संमती समजते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलाकडे टायपिंग करणारी शेजारीण म्हणाली. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मग मला काही नको. मी सही करतो." कलम सातमधला ठिपका ही मालमत्ता आहे की नाही, ते शेजारणीलाही ठाऊक नव्हते.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, रविवार, दुपारी चार.

सही: (मुलगी, पदवीधर)

साक्षीदार १: औषधांचे दुकानदार, गल्लीचे तोंड.
शेरा: लिहिणारी शुद्धीवर होती. गरजेपेक्षा जास्तच होती.

साक्षीदार २: वडील, लेथ कामगार.
शेरा: वाचून सही केली. साठ जणांचं आत्या वाचेल. एकसष्टावं मी स्वतः उठून बोलेन. उद्याची रजा टाकली आहे. सभा संपली की दवाखान्यात येतो, मग घरी येऊन जेवतो.